मानमोडीच्या साली : साथींच्या काळात समाजमनाचे काय होते?

१/ पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगाव मागे टाकले की आळेफाट्याच्या अलीकडे पिंपळवंडी लागते. फाट्यावर हा रस्ता कल्याण–नगर रस्त्याला मिळतो. तेथून पश्चिमेस वळले की ओतूर, पुढे माळशेज घाट, घाटाखाली कल्याण आणि कल्याणच्या पुढे मुंबई. जुन्नर–आंबेगावच्या साथींचा इतिहास वाचताना हा घाटरस्ता डोळ्यांसमोर असलेला बरा. मुंबईची मनीऑर्डर, मुंबईची बातमी आणि मुंबईचा आजार या तिन्ही गोष्टी या मुलखात मुंबईकर माणसाबरोबरच येत राहिल्या.

२/ आजचा धागा साथींत किती माणसे मेली याविषयी नाही. जी उरली त्यांच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

३/ आरंभी एक कोडे. हिंदुस्थानात प्लेगचे सर्वाधिक बळी १८९७ मध्ये गेले नाहीत. १९०४ आणि १९०७ या वर्षांत प्रत्येकी दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने दगावली. तरीही दंगे, खून, पळापळ आणि अफवांचे थैमान हे मुख्यतः १८९६ ते १८९८ या अवघ्या दोन–अडीच वर्षांतले आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने तर काही आठवड्यांत प्लेगच्या अनेक वर्षांइतके बळी घेतले, आणि दंगा जवळजवळ कुठेच झाला नाही. याचा अर्थ समाजाची भीती मृत्यूच्या आकड्यामागून चालत नाही. मग ती कशामागून चालते?

४/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. वृत्तपत्रांनी या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव दिले. सामान्य माणूस ‘गाठीचा ताप’ म्हणे. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७ च्या पहिल्या महिन्यांपर्यंत त्यातले साडेतीन ते चार लाख लोक शहर सोडून गेले असा त्या काळचा अंदाज आहे. जवळजवळ अर्धे शहर! हे लोक कुठे गेले? कोकणात, गुजरातेत आणि घाटावर, आपापल्या गावी.

५/ या पळण्याला त्या काळचे इंग्रज अधिकारी ‘अडाणी घबराट’ म्हणत. मला ते मान्य नाही. रोगाचे कारण ठाऊक नाही, औषध नाही, चाळीतल्या एका खोलीत आठ–दहा माणसे, आणि रोज शेजारच्या दारातून तिरडी निघते आहे. अशा वेळी गावी जाणारा माणूस शहाणाच म्हटला पाहिजे. भीतीचा हा पहिला टप्पा मनाच्या निरोगीपणाचा होता.

६/ बिघाड पुढे झाला. रोग्याला उचलून इस्पितळात नेण्याची सक्ती सुरू झाली आणि भीतीला चेहरा मिळाला. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात माणसे बरी होण्यासाठी नेत नाहीत, तेथे त्यांना मारून देहातून ‘मोमियाई’ काढतात, अशी वदंता होती. मोमियाई म्हणजे मानवी देह तापवून त्यातून गाळलेले म्हणे एक औषधी सत्त्व. ही कल्पना जुनी होती. पोरांना भीती घालायला आया ती वापरीत. साथीने तिला इस्पितळाचा पत्ता मिळवून दिला.

७/ त्याच महिन्यात मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. (ते कृत्य चापेकरांचे होते, हे पुढे उघड झाले.) लोकांनी दोन्ही घटना जोडल्या : राणीचा अपमान झाला म्हणून सरकार इस्पितळांतून सूड घेते आहे. अफवेचा तर्क नेहमी असाच चालतो. हाताशी दोन खऱ्या गोष्टी असतात, मधला दुवा मन स्वतः घडवते. दुवा खोटा असला तरी त्यामागची जाणीव सर्वस्वी खोटी नव्हती. आपल्या देहावर आपला हक्क उरलेला नाही, ही ती जाणीव.

८/ ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. चार कलमांचा छोटासा कायदा. अधिकार मात्र अमर्याद. रेल्वेने मुंबई सोडणाऱ्यांची कल्याणला तपासणी होई. गाठ प्लेगची आहे का हे पाहायला काखेत आणि जांघेत हात लावीत. पुरुषांना ते लज्जास्पद वाटे. स्त्रियांच्या बाबतीत काय वाटत असेल हे लिहायला नको. घाटावरच्या गावांत मुंबईहून परतलेला माणूस आला तो रोगापेक्षा या तपासणीच्याच कहाण्या घेऊन आला.

९/ पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग कमिटीचा अध्यक्ष झाला आणि मार्च १८९७ च्या मध्यापासून गोऱ्या सोल्जरांकडून घरझडती सुरू झाली. सोल्जर स्वयंपाकघरात शिरले, देवघरात शिरले. सामान रस्त्यावर आले, काही जाळले गेले. रोगी आढळला की तो इस्पितळात आणि घरातली बाकीची माणसे ‘सेग्रिगेशन कँपा’त. मेलेला माणूस परस्पर हलवला जाई अशी भीती असल्याने लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, कणगीमागे, शेजाऱ्याच्या परसात. ताप आलेल्या मुलाला ‘कण्हू नकोस’ असे बजावणाऱ्या आईची मनःस्थिती कोणत्याच अहवालात नोंदलेली नाही, पण रोगी लपवल्याच्या तक्रारींनी सरकारी अहवाल भरलेले आहेत. आपण दुसरे वाचून पहिले ओळखायचे.

१०/ याच दिवसांत, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातील आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः तेथे आणले आणि त्यांना लागण झाली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्या मृत्यूची गौरवगाथा आपण पुष्कळ गातो. इतिहासाच्या दृष्टीने मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो : त्याच शहरात, त्याच महिन्यात, लोक एका दवाखान्यापासून रोगी लपवीत होते आणि दुसऱ्यात स्वतः घेऊन येत होते. रोग एकच होता.

११/ सावित्रीबाईंचा आपल्या तालुक्याशी संबंध जुना होता. १८७७ च्या एप्रिलमध्ये, मोठ्या दुष्काळात, त्या ओतूरला होत्या. तेथून जोतीरावांना लिहिलेले त्यांचे पत्र उपलब्ध आहे. गाव सोडून चाललेली माणसे आणि सत्यशोधकांचे मदतकार्य दोन्ही त्यात आहेत. संकटात लोकांचे मन कसे सांभाळावे याचा अनुभव त्यांनी प्लेगच्या वीस वर्षे आधी या मातीत घेतला होता, असे म्हणायला हरकत नाही.

१२/ २२ जून १८९७, गणेशखिंड रस्ता, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र. दामोदर चापेकर आणि त्यांच्या साथीदारांनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांना गोळ्या घातल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मेला. या घटनेचा राजकीय इतिहास भरपूर लिहिला गेला आहे, म्हणून येथे थांबत नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की घरझडतीचा जोर त्याआधीच, मे महिन्यात, संपला होता. संताप साथीच्या नंतर महिनाभर तसाच धुमसत राहिला.

१३/ त्या वर्षी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले. परत आल्यावर पुरावा मिळेना आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. गोखल्यांसारखा शब्द तोलून बोलणारा माणूस! यावरून सारे आरोप बनावट होते असा निष्कर्ष सरकारधार्जिण्या पत्रांनी काढला. तो चूक आहे. पंडिता रमाबाईंनीही पुण्याच्या प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या स्थितीबद्दल जाहीर तक्रार केली होती. जिथे स्त्रीला आपली हकीकत सांगणे म्हणजे आयुष्यभराची बेअब्रू, तिथे पुरावा मिळत नाही यावरून काही सिद्ध होत नाही.

१४/ १८९८ च्या आरंभी संतापाची लाट आपल्या रस्त्यावर आली. याच पुणे–नाशिक मार्गावर, संगमनेरच्या पुढे, सिन्नरला प्लेगच्या उपायांवरून दंगल झाली. मार्चमध्ये मुंबईत मोठी दंगल झाली. त्यानंतर मात्र सरकार नमले. सक्तीची झडती, सक्तीचे इस्पितळ हळूहळू मागे पडले. स्थानिक लोकांच्या सहकार्यावर भर आला, हाफकिनची लस ऐच्छिक राहिली, जातवार आणि खाजगी इस्पितळांना परवानगी मिळाली.

१५/ आता कोड्याकडे परत जाऊ. पुढची दहा वर्षे प्लेग येतच राहिला, आधीपेक्षा जास्त मारीत राहिला, आणि दंगे मात्र बहुतांशी थांबले. लोकांनी आपली एक रीत बसवली. घरात उंदीर पडू लागले की गाव उठायचे. माणसे शेतात झोपड्या घालून राहायची. गुरे बरोबर, जाते बरोबर, चूल बरोबर, देवही बरोबर. दोन–तीन महिन्यांनी साथ ओसरली की घरे सारवून पुन्हा आत. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ‘प्लेगात माळावर राहायला गेलो होतो’ ही आठवण आजोबा–पणजोबांच्या तोंडून आलेली आहे.

१६/ नीट पाहिले तर सरकारी कँप आणि शेतातली झोपडी यांत वैद्यकीयदृष्ट्या फार अंतर नाही. दोन्हींत घर सोडायचे, दोन्हींत गर्दी टाळायची. एक माणसाला वेडेपिसे करतो, दुसरी निभावून नेते. फरक इतकाच की एकात कधी निघायचे, काय न्यायचे, कोणाशेजारी झोपडी घालायची आणि मेलेल्याला कोण खांदा देणार हे आपण ठरवतो. माझ्या मते सगळ्या कोड्याची किल्ली येथे आहे. मृत्यूपेक्षा असहायता मनाला आधी मोडते.

१७/ झोपड्यांबरोबर मरीआईही होती. पटकी असो, देवी असो वा प्लेग, गावोगाव मरीआईचा गाडा काढून शिवेपलीकडे नेऊन सोडीत. त्याने रोग जात नव्हता, हे उघड आहे. पण सगळे गाव एका दिवशी एकच काम करते, त्याला काहीतरी केल्याचे समाधान मिळते. या समाधानाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गाडा ओढण्याचे, उतारा वाहण्याचे, मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम कोणाच्या वाट्याला येई? गावकुसाबाहेरच्यांच्या. गावाच्या मनःशांतीची किंमत ठरावीक माणसे भरीत होती. आणि शिवेपलीकडे सोडलेली मरीआई पुढच्या गावाच्या हद्दीत पोहोचे. तेही तिला आणखी पुढे ढकलीत.

१८/ आता १९१८. जून महिन्यात मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने आजारी पडू लागले. ही पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. हिंदुस्थानातल्या एकूण बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. जगात अन्यत्र कुठेही इतके बळी गेले नाहीत. त्यात मरणारे प्रामुख्याने वीस ते चाळीस वयाचे, आणि पुरुषांहून स्त्रिया अधिक. मुंबई शहरात हलक्या मानल्या गेलेल्या जातींतील हिंदूंचा मृत्युदर हजारी ६१.६, युरोपियनांचा हजारी ८.३. ताप एकच, घरे वेगवेगळी.

१९/ महाराष्ट्रात या तापाला ‘मानमोडी’ म्हणत. मान मोडून टाकणारी, माणसाला डोके वर काढू न देणारी. जुन्नरच्या वाचकांना हे नाव वाचून आपला मानमोडीचा डोंगर आठवेल. खुलासा करून ठेवतो : त्या डोंगराचे नाव साथीवरून पडलेले नाही. तेथल्या बौद्ध लेण्यांच्या शिलालेखातच त्याच्याशी मिळतेजुळते स्थलनाम आहे, म्हणजे ते नाव साथीहून सुमारे अठराशे वर्षांनी जुने. तरी १९१८ साली जुन्नरात या शब्दाचा उच्चार करताना लोकांना काय वाटत असेल, असा विचार मनात येतोच.

२०/ तर मानमोडीत दंगा का झाला नाही? एक, सरकारने काही केलेच नाही. डॉक्टर महायुद्धावर, तिजोरी युद्धात; इस्पितळात ओढून न्यायला कोणी आले नाही, म्हणून रागाला लक्ष्य मिळाले नाही. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी जमेल ते केले. खेड्यांत तेवढेही नव्हते. दोन, वेग. प्लेग घराघरांतून रेंगाळत जाई. मानमोडी आठ दिवसांत सगळे गाव एकदम अंथरुणावर घाली. पाणी द्यायला उभे माणूस नाही, तिथे अफवा कोणी कोणाला सांगायची? तीन, त्याच वर्षी पावसाने दगा दिला. पिके बुडाली, धान्य महागले. माणूस तापातून उठला तो थेट उपासमारीत.

२१/ आणि तो उठला तो कसा? या तापानंतर दीर्घकाळ खिन्नता, निद्रानाश, भ्रम राहतो हे युरोपीय डॉक्टरांना १८८९–९० च्या साथीपासून ठाऊक होते. अमेरिकेत कार्ल मेनिंजर यांनी १९१९ मध्ये बोस्टनच्या मनोरुग्णालयातील इन्फ्लुएंझानंतर मानसिक आजार झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नॉर्वेतील वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी पुढे अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा साथीनंतरची काही वर्षे इन्फ्लुएंझामुळे प्रथमच दाखल होणारे रुग्ण पूर्वीच्या कितीतरी पट आढळले.

२२/ आपल्याकडे तशी नोंद होणे शक्यच नव्हते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे, येरवड्याचेही त्याच दशकातले. तेथे जाई तो अंगावर येणारा, पोलिसांनी धरून आणलेला माणूस. खानेसुमारीत १८८१ पासून अंध, मूकबधिर आणि कुष्ठरोगी यांच्याबरोबर ‘वेडे’ असा एक रकाना होता. समाजमनाविषयी सरकारला हवी असलेली माहिती त्या एका रकान्यात संपे. नवरा आणि दोन मुले एका पंधरवड्यात गमावून वर्षभर कोणाशी न बोललेली बाई त्या रकान्यात येत नाही. ती पाणी भरते, निंदायला जाते, भाकऱ्या थापते. गावाच्या लेखी ती शहाणीच.

२३/ मराठी साहित्यात प्लेग पुष्कळ आहे. आठवणींत, चरित्रांत, कथांत आहे. मानमोडी त्यामानाने फारच थोडी. ज्याला खलनायक नाही त्याची गोष्ट सांगता येत नाही, हे एक कारण असावे. दुसरे असे की ती सांगणारी पिढीच मधून कापली गेली. लहान मुले आणि म्हातारी माणसे उरली, मधली गेली. जुन्या माणसांच्या बोलण्यात ती साथ कालगणनेपुरती उरली होती : ‘मानमोडीच्या साली’. दुःखाचा उल्लेख तारखेसारखा करायचा आणि पुढच्या वाक्याला जायचे.

२४/ शंभर वर्षांनी. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. त्या दिवशी गुढीपाडवा होता. जुन्नरकरांना याचा अर्थ सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेसाठी सुपाऱ्या देतात, आणि चैत्र–वैशाखाचा सारा हंगाम ठरतो. २०२० चा हंगाम गेला. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता. १४ एप्रिलच्या रात्री राज्यात पुन्हा कडक निर्बंध आले. दोन वर्षे यात्रा नाही, गाडे नाहीत, फड नाही. कलावंतांची उपासमार झाली हे वर्तमानपत्रांत आले. वर्षातून एकदा सगळ्या भावकीने एकत्र येऊन मोकळे होण्याची गावाची जागा गेली, याची बातमी होत नसते.

२५/ मुंबईचे डबेवाले बहुतांशी मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. मार्चमध्ये डबे थांबले. माणसे गावी निघाली, जशी १८९६ मध्ये निघाली होती. या वेळी मात्र राज्यभर खेड्यांनी वेशीवर काटेरी झाडे आडवी टाकली होती. मुंबईहून आलेला मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस. आई डबा पायरीवर ठेवून मागे सरते. १८९७ चा कँप सोल्जरांनी चालवला, २०२० चा आपण आपल्याच माणसांसाठी. त्यात वैद्यकीय शहाणपण होते, हे नाकारता येत नाही. पण त्या दिवसांत भावाला भाऊ काय बोलला, हे काही घरांत अजून मिटलेले नाही. सोल्जर निघून गेले होते. भाऊ शेजारच्याच वावरात आहे.

२६/ अफवाही आल्या, आणि एक खास आपल्या भागाची. मे २०२० मध्ये टोमॅटोवर विषाणूजन्य रोग पडला. फळावर रंगांचे पट्टे येत म्हणून शेतकरी त्याला ‘तिरंगा’ म्हणत. एका हिंदी वृत्तवाहिनीने हा विषाणू माणसालाही घातक असल्याचे चित्र उभे केले. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत, हे शास्त्रज्ञांनी सांगेपर्यंत बाजारात व्हायचे ते नुकसान झाले. जुन्नर, अकोले, संगमनेरच्या टोमॅटोवाल्यांनी त्या काळात एकाच वेळी दोन विषाणूंची धास्ती घेतली, आणि त्यातला एक तर माणसाच्या वाटेला जाणारा नव्हताच.

२७/ आता आकडे, कारण या वेळी मनाचेही काही आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साथीच्या पहिल्या वर्षात जगात चिंताविकार आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. स्त्रिया आणि तरुण यांना झळ अधिक. आत्महत्यांचे चित्र गुंतागुंतीचे आहे. एकवीस देशांच्या माहितीवरून पहिल्या काही महिन्यांत त्या सरसकट वाढल्या नाहीत असे दिसले. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने मोठ्या राष्ट्रीय संकटांत माणसे एकमेकांना धरून राहतात आणि आत्महत्या घटतात, असे मांडले होते. त्याचे पुस्तक १८९७ चे, म्हणजे रँडच्याच वर्षाचे. योगायोग, दुसरे काही नाही.

२८/ भारतात मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०१९ च्या १,३९,१२३ आत्महत्या २०२० मध्ये १,५३,०५२ झाल्या, २०२१ मध्ये १,६४,०३३. २०२१ मध्ये सर्वाधिक, २२,२०७, महाराष्ट्रात. आणि देशात दर चौघांत एक रोजंदारीवरचा मजूर. सगळी वाढ साथीच्या माथी मारणे बरोबर नाही. आकडा आधीपासून चढत होता. पण मजुरांचा वाटा पाहिल्यावर केवळ विषाणूच्या भीतीची भाषा पुरत नाही, एवढे स्पष्ट होते.

२९/ दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल–मे मध्ये, मृत्यू खेड्यात आला आणि दुखवट्याची सारी रीत मोडली. देह घरी आणता येईना. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा. आपल्या भागात दशक्रियेला पाचशे–हजार माणसे नदीकाठी जमतात, प्रवचन होते, श्रद्धांजलीची भाषणे होतात. शहरी माणूस त्या भाषणांना हसतो. मीही कधीकधी कंटाळतो. पण गेलेल्याचे नाव घेऊन शंभर माणसे दोन वाक्ये बोलतात, तेव्हा घरच्या माणसाला आपले दुःख गावाने पाहिले असे वाटते. २०२१ मध्ये ते कोणी पाहिले नाही. त्यामुळे तेव्हाचे कितीतरी दुःख आजही अर्धे बोललेले आहे.

३०/ मानमोडी आणि कोरोना यांच्यात एक मोठा फरक मात्र नोंदवला पाहिजे. या वेळी मागे राहिलेल्या बायकांची कोणीतरी मोजदाद केली. नगर जिल्ह्यातील अकोल्याच्या हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले. पेन्शन, वारसनोंद, सावकाराचे कर्ज हे प्रश्न आधी आले, आणि ते योग्यच होते. सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय झोप लागत नाही.

३१/ आणि ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला : कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद. साथीत तरुण स्त्रिया मोठ्या संख्येने विधवा झाल्या, हे त्या ठरावामागचे एक कारण होते. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले. ठराव झाला म्हणजे प्रथा गेली असे नाही. तरी १९१८ च्या त्या न बोलणाऱ्या बाईशी गावाने कसे वागावे, हा विषय ग्रामसभेच्या कागदावर यायला एकशे चार वर्षे लागली.

३२/ १ एप्रिल २०२२ पासून राज्यातले निर्बंध पूर्ण उठले. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. दोन वर्षांनी नारायणगावात पुन्हा राहुट्या लागल्या आणि सुपाऱ्या सुरू झाल्या.

३३/ धागा येथे संपतो. त्या वर्षांतले काही अजून मनात अडकून असेल, तर ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते, नाव सांगावे लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी प्लेगच्या झोपड्यांविषयी किंवा मानमोडीविषयी काही सांगितले असेल, तर खाली जरूर लिहा. गावाचे नाव आणि सांगणाऱ्याचे नाते तेवढे नमूद करावे.